निंबाला निंबाचाच काढा

माझ्या अंगाला येणारा वास हा आमच्या घरातला जुना वाद आहे. दर उन्हाळ्यात निंबोळ्या वेचायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, फडक्यात बांधून पाण्यात भिजत घालायच्या आणि पावसाळ्यात ते पांढरट पाणी धानावर फवारायचं, हा माझा उद्योग. धानावर तुडतुडे दिसले की बाकीचे लोक औषधाच्या दुकानाकडे पळतात, मी परसातल्या ड्रमकडे. त्याचा उपयोग होतो की नाही यावर गावात मतभेद आहेत. वासाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरते.

पण या वासानं मला थोडी प्रतिष्ठाही मिळवून दिली. आमच्या भागात, कोंढ्याच्या आसपास कुठं शेतीशाळा भरली आणि यायचे ते साहेब उशिरा येणार असले, की तोवर बोलायला मला उभं करतात. निंबाचं पान, निंबाची साल, निंबोळी, पेंड, दातण, आंघोळीचं पाणी, गोवराच्या पोराच्या उशाची डहाळी, असं मी एकेक काढत जातो. साहेब आले तरी मला थांबता येत नाही. बायको म्हणते, "यायच्या हाती माईक देऊ नका, अन् देलाच तर निंबाकडं बोट दाखवू नका."

मागच्या पावसाळ्यात माझ्या या विद्येची परीक्षा झाली.

आमच्या गावाच्या फाट्यावर एक मोठा निंब होता. त्याच्याखाली माझ्या लहानपणापासूनच्या दोस्ताचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एक लोखंडी पेटी, पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं, हवा भरायचा पंप आणि निंबाच्या खोडात ठोकलेले खिळे. त्या खिळ्यांवर नट आवळायचे पाने, चेन, जुन्या ट्यूबा लटकलेल्या. छप्पर निंबाचं, भिंतही निंबाचीच. त्याला त्याच्या नावानं कोणी ओळखत नाही, सगळे 'निंबाखालचा' म्हणतात. त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका वाटली तेव्हा गावातल्याच दोघा-तिघांनी मला विचारलं होतं, हा वधूपिता कोण म्हणून.

त्या जागेचा त्याच्याकडं कुठलाही कागद नाही. तो तिथं बसतो याला पुरावा एकच, तो निंब. गुडघे गेल्यापासून तो दुसरीकडं कुठं जाऊन बसेल अशी सोयही उरली नव्हती. घर फाट्याच्या मागंच, तेवढं अंतर काठी टेकत गाठता येतं.

जिवतीच्या दिवशी, म्हणजे आषाढाच्या अमावास्येला, आमच्याकडं दारावर निंबाची डहाळी खोचतात. गावातल्या बाया सकाळीच फाट्यावर येतात, कारण खालच्या फांद्या हाताशी असतात. त्या दिवशी मी हवा भरायला गेलो तर दोस्त मान वर करून उभा.

"हे पाय गड्या. बाया आल्या अन् वापस गेल्या. म्हनते शेंडा जळला. अशी डाहाळी दाराले कशी खोचाव?"

मी वर पाहिलं. खरंच, कोवळे शेंडे तांबूस होऊन मान टाकून लोंबत होते, कुणी चुलीवर शेकून परत लावून ठेवल्यासारखे. मी डोळे बारीक केले. माणसाला काही कळत नसलं की डोळे बारीक केल्यानं बरं दिसतं.

"पानी जास्त झालं असन," मी म्हणालो.

"पानी तं आत्ताच चालू झालं ना बे."

"मंग कमी झालं असन."

त्याचा माझ्यावर इतका विश्वास, की त्यानं दोन्ही कारणं मान्य केली.

नंतर रस्ता मोजणारे लोक आले. फाट्यावरून जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता. त्यांच्यातला मुकादम चांगला माणूस होता. तो पेटीवर बसला, चहा प्याला आणि सगळं समजावून सांगितलं. जिवंत झाड असेल तर रस्ता थोडा पलीकडं सरकवता येतो, तिकडं मोकळी जागा आहे. पण वाळलेलं झाड रस्त्याच्या कडेला ठेवता येत नाही. उद्या फांदी एखाद्याच्या डोक्यात पडली तर?

"दिवारीनंतर काम चालू होईन काकाजी," तो मला म्हणाला, बहुधा माझे केस पाहून. "तवा पाहू. हिरवं दिसलं तर सोडून देऊ."

तो गेला. दोस्त बराच वेळ चेनला तेल घालत बसला. त्या चेनला आधीच तेल घातलेलं होतं. मग म्हणाला, "म्हंजे दिवारीपर्यंत हे हिरवं पाह्यजे."

आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं.

त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मी छाती पुढं काढून म्हणालो, "मी हावो ना."

झाडावर कीड आहे हे तोवर मला कळलं होतं. कीड म्हटलं की माझ्या डोक्यात एकच औषध येतं. घरचे दोन्ही ड्रम ट्रॉलीत चढवले, पुतण्याचा ट्रॅक्टर मागितला, ट्रॉलीत शिडी उभी केली, लांब बांबूला फवाऱ्याचं तोंड बांधलं आणि सकाळी सकाळी मी निंबावर निंबोळी अर्क मारायला चढलो.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. फाट्यावर त्या वेळी निम्मं गाव जमलं होतं, त्यातल्या कुणाच्याही आलं नाही. दोस्त तर खालून ओरडून फांद्या दाखवत होता, "तिकडं, तिकडं सुटलं! त्या खांदीले पाज!" सगळ्यांचा समज असा, की औषध आहे, ओळखीचं आहे, आणि मारणारा माणूस माईकवर बोलतो.

वर फवारलेलं निम्मं पाणी माझ्याच डोक्यावर परत येत होतं. उरलेलं वारा उचलून शेजारच्या चहाच्या टपरीकडं नेत होता. टपरीवाली वहिनी आधी पदरानं दुधाचं पातेलं झाकत होती, मग पदर सोडून पळी घेऊन बाहेर आली.

"ओ भाऊजी! झाडाले पाजून राहिले का मह्या गिऱ्हाइकायले?"

"नुस्ता निंब आहे वहिनी, तब्येतीले चांगला!"

"मंग पहिला कप तुमीच घ्या."

खाली उतरल्यावर तिनं खरंच कप पुढं केला. सगळे पाहत होते. मी तो चहा घोट घोट करून प्यालो आणि "काहीच नाही लागत" असं म्हणालो. जीभ दिवसभर माझ्या मालकीची नव्हती.

घरी आल्यावर बायकोनं नाक दाबून विचारलं, "आज कुठं मारलं औषध?"

"फाट्यावर."

"फाट्यावर कोनाचं धान आहे?"

"धान नाई. निंबावर मारलं."

"कायचं?"

"निंबोळीचं."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हंजे मासोरीले मारासाठी तिले पान्यात बुडवून आले."

मी तिला समजावलं. झाड म्हातारं झालं की त्याचं कडूपण उतरतं, म्हणून बाहेरून द्यावं लागतं, जसं अशक्त माणसाला सलाइन. हे मी तिथल्या तिथं रचलं होतं. बोलता बोलता मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी फाट्यावर मी हेच सांगितलं, आणि दोस्त गिऱ्हाइकांना सांगू लागला की आमच्या निंबाला सलाइन लावली आहे.

काही दिवसांनी मी निकाल पाहायला गेलो. शेंडे आणखी वाळलेले. एक खालची फांदी वाकवून पाहिली. पानांवर माझ्या अर्काचा पांढरा थर वाळून बसला होता, आणि त्या थरावरून एक किडा सावकाश चालला होता. डासासारखे लांब पाय, काळपट अंग, मध्ये थोडा तांबडा. त्याला घाई नव्हती. पांढऱ्या थरावरून तो कोवळ्या देठापर्यंत गेला, सोंड खाली केली आणि आत रुतवली. मी फुंकर मारली. तो थोडा सरकला आणि पुन्हा सोंड रुतवली.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा अर्क असा बिनधास्त ओलांडून गेलं होतं. माणसंसुद्धा लांबून जातात.

मग मी आमच्या कृषी सहायक मॅडमना फोन केला. वयानं त्या माझ्या पोरीएवढ्या, मोटारसायकलवर फिरतात. त्या आल्या, फांदी वाकवली, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाल्या, "ढेकण्या आहे काका. तिकडं कोकणात काजूवर येतो, चहाच्या मळ्यात येतो. आता निंबावर बसलाय. पवनीपासून इथपर्यंत पाहत आले मी, सगळे निंब असेच दिसून राहिले."

"पन निंबावर?" मी म्हणालो. माझ्या आवाजात तक्रार होती, जणू निंबानं मला विचारायला पाहिजे होतं.

"हो, निंबावर. तो कोवळ्या शेंड्यातला रस शोषतो. शोषताना लाळ सोडतो, तिथं डाग पडतो, त्या डागातून बुरशी शिरते. मग फांदी टोकाकडून वाळत येते." त्यांनी पानावरचा पांढरा थर बोटानं खरवडला, वास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. "हे काय आहे?"

दोस्त पुढं होऊन अभिमानानं म्हणाला, "सलाइन."

मी जमिनीकडं पाहत होतो. मॅडम हसल्या नाहीत, ते त्यांचे उपकार. त्यांनी हळूच एवढंच सांगितलं, की दुसऱ्या किड्यांना निंबाचं कडू चालत नाही, ते खाणं सोडतात, त्यांची वाढ थांबते. पण जो या झाडावरच पिढ्यान् पिढ्या वाढतो आहे, आणि त्याची पिढी तर महिन्याभरात बदलते, त्याच्यात कडू सोसणारे तेवढे राहिले, न सोसणारे मेले. राहिलेल्यांची पिल्लंही सोसणारीच. "तुम्ही जे फवारलं ना काका, त्यानं कुठं थोडाफार किडा हललाही असेल. पण तो ज्याच्यात राहतो तेच तुम्ही त्याला वरून शिंपडलं."

बायकोची मासोरी माझ्या डोळ्यांसमोरून पोहत गेली.

त्यानंतर काही दिवस मला एक वेडच लागलं. जे झाड दिसेल त्याच्यापाशी थांबायचं आणि त्याला कोण खातं ते पाहायचं. बांधावरच्या रुईचं पान तोडलं की विषारी दूध गळतं, म्हणून गुरं तिला तोंड लावत नाहीत. तिच्यावर एक पट्ट्यापट्ट्यांची अळी पाहिली. ती आधी पानाची शीर कुरतडते, दूध वाहून जाऊ देते, मग पुढचं पान निवांत खाते. आमच्या गुरांना इतक्या पिढ्यांत हे सुचलेलं नाही. शिवाय जे थोडं विष पोटात जातं ते ती अंगातच साठवते, आणि मग तिला कुठला पक्षी खात नाही. झाडानं तिच्याविरुद्ध जमवलेलं हत्यार ती स्वतःच्या कमरेला लावून फिरते.

मग जंगलातलं ऐनाचं झाड. ऐनाचं पान किती तुरट असतं हे नीट कळावं म्हणून मी एक चावून पाहिलं. नेमक्या त्याच वेळी व्याह्यांचा फोन आला. माझी जीभ टाळूला चिकटलेली, तोंडातून शब्दाऐवजी नुसता लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज. मला काहीतरी झालं असं समजून ते संध्याकाळी फळं घेऊन भेटायला आले. त्याच ऐनाच्या पानावर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, अळी बोटाएवढी जाड होते आणि आपण तिच्याभोवतीचा धागा काढून त्याची लुगडी विणतो. ऐनाचा तुरटपणा जिनं पचवला तिला आपण डोक्यावर घेतलं, तिच्यासाठी जंगलात राखण बसवतो, पाखरं हाकलतो. निंबाचं कडू ज्यानं पचवलं त्याला शिव्या घालत मी फाट्यावर उभा. झाडांना यातला फरक काय कळत असेल कोण जाणे. पान दोन्हीकडं जातंच.

हे सगळं कळून माझा काही फायदा झाला नाही. किडा कसा जिंकला हे समजलं, त्याला हरवायचं कसं ते तसंच राहिलं. मॅडमना मी पुन्हा फोन करून विचारलं, "मंग करू काय मॅडम?"

त्या प्रामाणिक. म्हणाल्या, रासायनिक औषधं आहेत, पण एवढ्या उंच झाडावर, फाट्यावर, बाजूला चहाची टपरी, शाळेची पोरं जातात-येतात, तिथं ती मारायचा सल्ला मी देणार नाही. मारलं तरी शेजारच्या निंबावरचे किडे दुसऱ्या आठवड्यात परत. "निंब चिवट असतो काका. थंडी सरली की बहुतेक झाडं आपली आपण पालवतात. वाट पाहा."

"कवापर्यंत?"

"शिमग्याच्या आसपास नवी पानं यावीत."

आता हे दोस्ताला सांगायचं होतं. संध्याकाळी गेलो तर तो काठी टेकत निंबाची गळलेली पानं गोळा करत होता. टोपलीभर झाली की खोडापाशी ढीग करून पेटवायचा, वर थोडी ओली पानं टाकायची, आणि धूर वर फांद्यांत जातो का ते पाहायचं. घरात मच्छर झाले की आम्ही निंबाच्या पानांची धुनी करतो, तीच धुनी तो निंबाला करत होता.

"तुह्यावालं आतून काम करून राहिलं," तो खोकत म्हणाला, "बाहेरून मी धूर देतो."

मी तोंड उघडलं. धूर घशात गेला. खोकला संपेपर्यंत सगळं सांगायचा धीरही संपला होता. मी एवढंच म्हणालो, "मॅडम म्हनते, शिमग्याले पान येते."

त्यानं काठीनं ढीग सारखा केला. "शिमग्याले पान येते. दिवारीले रस्ता येते."

मग मीही खाली बसून पानं गोळा करू लागलो. काहीही होणार नाही हे मला मॅडमनी नीट समजावलं होतं. तरी त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी जायचो आणि धुनीला पानं घालायचो. बायकोनं एकदाच विचारलं, "आता निंबाच्या धुराचा वास कायले?" मी हातपाय धुवायला गेलो, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. आमच्या घरात ही मोठी गोष्ट.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडं मारबत नावाचा पुतळा मिरवत काढतात. रोगराई, खोकला, ढेकूण, मच्छर, सगळं गावाबाहेर ने म्हणून ओरडत जायचं. मिरवणूक फाट्यावर पोचली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "निंबाचे किडे घेऊन जा गे मारबत!" सगळे हसले. दुसऱ्या वेळी मात्र सगळे ओरडले. टपरीवाली वहिनी ओरडली. दोस्त पेटीचा आधार घेऊन उभा राहिला आणि ओरडला. किड्याच्या सोंडेपासून लाळेपर्यंत सगळी माहिती गावात फक्त मला होती, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता. घसा बसला. किडे काही गेले नाहीत.

दिवाळी आली तोवर निंबावर नाव घ्यायला पान नव्हतं. दोस्त पेटी दर थोड्या वेळानं सरकवायचा, कारण आता सावली फक्त खोडाची आणि जाड फांद्यांची पडत होती, दोन हात रुंद. त्या पट्ट्याबरोबर तो सकाळी पश्चिमेला आणि दुपारनंतर पूर्वेला असे.

मुकादम ठरल्याप्रमाणे आला. सोबत कटाईवाले आणि त्यांचं मशीन. मी तयारीनं गेलो होतो. खिशात चाकू. खोडाची साल थोडी खरवडली, आत हिरवं दिसलं. "हे पाहा! जिवंत आहे! नुस्ता पान झडलं आहे!"

मुकादमानं वाकून पाहिलं. मग मी बोलायला लागलो. किडा कसा येतो, लाळ कशी सोडतो, शेंडा कसा वाळतो, खोड कसं जिवंत राहतं, थंडी सरल्यावर पालवी कशी फुटते. इतकं मुद्देसूद मी शेतीशाळेतही कधी बोललो नव्हतो. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. कटाईवालेही मशीन खाली ठेवून ऐकत होते.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "काकाजी, तुमी खोटं बोलून नाई राहिले, मले दिसते. पन वरचा साहेब गाडीतून उतरत नाई. तो काचातून वर पायते. मले एक पान दाखवा, एकच. मी त्याले बोट करून दाखवतो."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. मुकादमानं पाहिलं, वहिनीनं पाहिलं, कटाईवाल्यातल्या एकानं तर झाडाला पूर्ण फेरी मारली. पान नव्हतं.

"फागुनापर्यंत थांबता येत नाई का?" मी म्हणालो.

"मशीन भाड्यानं आहे जी," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्याचं वाईट वाटणंही आमच्या काही कामाचं नव्हतं.

 दोस्त उठला आणि खिळ्यांवरचं सामान काढू लागला. पाने, चेन, ट्यूबा, एकेक करून पेटीत. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "तू राहू दे. तुले कोनती वस्तू कुठं जाते मालूम नाई."

मशीन सुरू झालं आणि लगेच कर्र्र आवाज येऊन ठिणग्या उडाल्या. कटाईवाल्यानं शिवी हासडली. आत जुना खिळा होता. वरवर दिसणारे खिळे दोस्तानं सामानाबरोबरच उपटले होते, पण आधीच्या वर्षांचे खिळे झाडानं गिळून वरून साल बांधली होती. पातं बदललं, पुन्हा लावलं, पुन्हा ठिणग्या.

"किती खिळे आहे यात?" कटाईवाला वैतागून म्हणाला.

दोस्त काठी टेकत पुढं गेला. खोडावर तळहात ठेवला आणि चाचपत बोटानं दाखवू लागला. "इथं एक आहे. हा पंपाचा होता. इथं एक. इकडं खाली मारू नका, इथं टायर टांगत होतो. याच्या वर मोकळं आहे. इथून घ्या."

कटाईवाल्यानं त्यानं दाखवलेल्या जागी खडूची रेघ ओढली. मशीन तिथून सरळ आत गेलं. मी टपरीच्या खांबाला धरून उभा होतो. माझ्या हातात तो चाकू अजून उघडाच होता.

निंब पडला तेव्हा कापलेला भाग आतून ओला होता, पिवळसर, आणि सगळ्या फाट्यावर वास सुटला. तो वास माझ्या अंगाचाच.  वहिनीनं सगळ्यांना चहा दिला, कटाईवाल्यांनाही.

आता फाट्यावर रस्त्याचं काम सुरू आहे. जिथं दोस्ताची पेटी असे तिथं मुरूम पडला. मुकादमानं त्याला हाकललं नाही, फक्त म्हणाला, थोडं मागं सरका. थोडं मागं म्हणजे नव्यानं खोदलेल्या नालीच्या पलीकडं. तिथं चार बांबूंवर मेणकापड बांधून तो बसतो. मेणकापडाखाली दुपारी भट्टी होते. पण खरी अडचण नालीची. पंक्चर झालेली सायकल घेऊन माणूस इकडच्या काठावर येतो, पलीकडं पाहतो, नाली पाहतो आणि सायकल ढकलत पुढं निघून जातो.

मी घरून एक फळी आणली. धानाच्या पोत्यांखाली घालायची, चांगली जाड. नालीवर आडवी टाकली. फळी थोडी आखूड निघाली. मी अंदाजानं आणली होती, मोजून नाही. एका टोकाला नुसती टेकते. सायकल चढली की दुसरं टोक उचलतं. पहिल्याच गिऱ्हाइकाची सायकल नालीत गेली, आणि पुढचं चाक वाकलं. दोस्तानं ते चाक सरळ करून दिलं आणि माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता शिव्या घालेल.

"त्या टोकावर उभा राय," तो म्हणाला.

मी उभा राहिलो. फळी बसली. पुढची सायकल सुखरूप पलीकडं गेली.

तेव्हापासून शेतातून मोकळा झालो की दुपारी मी तिथं असतो, फळीच्या टोकावर. सायकल आली की दोन्ही पाय घट्ट रोवायचे, गेली की सैल सोडायचे. उन्हात डोक्यावर दुपट्टा. ओळखीचे लोक विचारतात, काय भाऊ, इथं काय करून राहिले? मी म्हणतो, उभा आहो. परवा एका शेतीशाळेतून बोलावणं आलं, तिकडच्या लोकांचे निंबही वाळून राहिले आहेत, त्याबद्दल दोन शब्द सांगा म्हणाले. मी फोनवर बोलायला जरा बाजूला सरकलो तर नालीपलीकडून दोस्ताचा आवाज आला.

"हलू नको बे. सायकल येऊन राहिली."

मी फोन बंद केला आणि परत फळीवर उभा राहिलो.